यान ब्रेमन यांचे मजुरीविषयक संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्राचे विद्यार्थी, कामगार चळवळीतील कार्यकर्ते आणि ऊसपट्ट्यातील काही शिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात पुढे गेला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यान ब्रेमन कोण आहेत आणि त्यांचा अभ्यास नेमका कशाचा आहे?

ब्रेमन हे १९३६ साली ॲम्स्टरडॅम येथे जन्मलेले डच समाजशास्त्रज्ञ असून ते ॲम्स्टरडॅम विद्यापीठाचे मानद प्राध्यापक आहेत. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते दक्षिण गुजरातमध्ये आले आणि तेथील दोन गावांत भूमिहीन शेतमजूर आणि जमीनमालक यांचे संबंध अभ्यासू लागले. पुढची अनेक दशके ते त्याच परिसरात परतत राहिले. मजूर गाव सोडून जेथे जेथे गेले, म्हणजे उसाच्या फडात, वीटभट्ट्यांवर, सुरतेच्या यंत्रमागांवर, तेथे तेथे त्यांचा अभ्यासही गेला. इंडोनेशियातील वसाहतकालीन मळ्यांवरील मजुरांविषयीही त्यांनी विपुल लिहिले आहे. येथे मात्र भारतातील कामाचाच विचार केला आहे.

२. मजुरी किती असावी आणि का, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. समाजशास्त्रज्ञ त्यात वेगळे काय सांगतो?

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मजुरीचा दर मागणी आणि पुरवठा यांतून ठरतो, आणि माणसामाणसांतील फरक शिक्षण, कौशल्य व अनुभव यांनी समजावून घेतला जातो. ब्रेमन यांचे प्रश्न त्याआधीचे आहेत. कामाची खबर कोणापर्यंत पोहोचते? मजूर कोणाच्या मार्फत येतो? पैसे आधी मिळतात, रोज मिळतात की हंगाम संपल्यावर? भांडण झाले तर तो कोणाकडे दाद मागतो? या प्रश्नांची उत्तरे बदलली की त्याच कामाची, त्याच कौशल्याची मजुरी बदलते, असे त्यांना शेतावर आणि भट्टीवर दिसले. त्यामुळे त्यांच्या लेखनात मजुरीचा आकडा एकटा कधीच येत नाही. त्या आकड्यासोबत भरतीची पद्धत, कर्ज, निवारा, जात आणि परतीचा प्रवास हे सारे येते.

३. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञही वेतन-विषमतेवर संशोधन करतात. ते आणि हे एकच का?

विषय एक असला तरी साधने निराळी आहेत. ब्रूस वेस्टर्न आणि जेक रोझेनफेल्ड यांनी २०११ साली अमेरिकेतील खासगी क्षेत्राच्या पाहण्यांचे विश्लेषण करून दाखवले, की १९७३ ते २००७ या काळात कामगार संघटनांचे सभासदत्व पुरुषांमध्ये ३४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणि स्त्रियांमध्ये १६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले आणि याच काळात वाढलेल्या वेतन-विषमतेपैकी सुमारे एक पंचमांश ते एक तृतीयांश वाढ संघटनांच्या या ऱ्हासाशी निगडित आहे. असे गणित मांडण्यासाठी प्रत्येक कामगाराचे तासाचे वेतन ठाऊक असावे लागते. ज्या मजुराला वेतनचिठ्ठी मिळत नाही, ज्याच्या कामाचे तास कोणी लिहीत नाही आणि ज्याची मजुरी नवरा-बायको-मूल अशी एकत्र मोजली जाते, त्याच्याबाबत हे गणित मांडताच येत नाही. ब्रेमन यांचे काम तेथून सुरू होते.

४. हाळी पद्धत म्हणजे काय? ती गुलामगिरीच होती ना?

दक्षिण गुजरातमध्ये हळपती (पूर्वी दुबळा म्हणवली जाणारी) या आदिवासी जमातीतील मजूर अनाविल ब्राह्मण जमीनमालकाकडे वर्षानुवर्षे बांधील राहत. संबंधाची सुरुवात बहुधा लग्नाने होई. लग्नाच्या खर्चासाठी तरुण मालकाकडून, म्हणजे धणियामोकडून, कर्ज घेई आणि तेव्हापासून तो त्याचा हाळी होई. बायको मालकाच्या घरी झाडलोट, शेण-पाणी करी, मुले गुरे राखत. बदल्यात धान्य, जुने कपडे, झोपडीपुरती जागा आणि आजारपणात थोडीफार मदत मिळे. कर्ज फिटावे असे दोघांपैकी कोणालाच वाटत नसे, हा यातील महत्त्वाचा मुद्दा आहे. मालकाला कायमचे हात हवे होते आणि मजुराला वाईट दिवसांत पोट भरण्याची हमी हवी होती.

म्हणूनच ब्रेमन यांनी १९७४ च्या ग्रंथात या संबंधाला आश्रय आणि शोषण या दोन्ही बाजू असल्याचे म्हटले. त्याला नुसते गुलामगिरी म्हटले की आश्रयाची बाजू दिसत नाही, आणि मग पुढे काय घडले (प्रश्न ५) हेही कळत नाही. या मांडणीवर आक्षेपही आहेत. त्यांचा उल्लेख प्रश्न १४ मध्ये केला आहे.

५. हाळी पद्धत मोडल्यावर मजूर मोकळा झाला. मग त्याची मजुरी का वाढली नाही?

कारण मोकळा होण्याची गरज मजुराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मालकाला होती. शेतीत पैशाचे महत्त्व वाढले, आंब्या-चिकूच्या बागांसारखी कमी मजूर लागणारी पिके आली, अनाविलांची मुले शिकून शहरांत गेली आणि दाराशी हाळी बाळगणे ही प्रतिष्ठेची खूण राहिली नाही. बारा महिने पोसावे लागणारे कुटुंब आता ओझे वाटू लागले. रोजंदारीने काम असेल त्या दिवशी बोलवावे आणि नसेल त्या दिवशी विचारू नये, ही व्यवस्था मालकाच्या सोयीची होती. आश्रय गेला, शोषण राहिले. मजुराला मालक बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले. परंतु ज्या गावात सगळेच मालक एकाच जातीचे, एकाच पारावर बसणारे आणि एकच दर देणारे असतात, तेथे या स्वातंत्र्याने पदरात फारसे काही पडत नाही.

६. बारडोलीच्या उसाला खानदेशातून मजूर का आणले गेले? तेथे मजूर नव्हते का?

मजूर होते, आणि ब्रेमन यांच्या साऱ्या लेखनात मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे.

तापीवरील काकरापार आणि उकाई प्रकल्पांचे पाणी मिळाल्यावर बारडोलीच्या आसपास ऊस झपाट्याने पसरला आणि सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १९२८ च्या शेतकरी सत्याग्रहामुळे देशभर नाव झालेला हा तालुका. येथे कारखाने ऊसतोडीसाठी धुळे-जळगावकडून, खानदेशातून, हजारो कुटुंबे दर हंगामात आणू लागले. त्याच वेळी त्याच गावांतील हळपती मजूर कामाच्या शोधात बाहेर पडत होते आणि मुंबईच्या भोवतालच्या वीटभट्ट्यांवर जात होते. म्हणजे एका रस्त्याने मजूर येत होते आणि त्याच रस्त्याने मजूर जात होते.

स्थानिक लोक आळशी आहेत, त्यांना ऊसतोड जमत नाही, असे बागायतदार सांगत. ब्रेमन यांनी हे कारण फेटाळले. त्यांच्या मते परका मजूर हवा असण्याचे कारण त्याच्या परकेपणातच आहे. तो शेताच्या कडेला पाल ठोकून राहतो, म्हणून पहाटे तीनला गाडी भरायला उठवता येतो. त्याच्या घरी लग्न, मयत, सण आला तरी तो जाऊ शकत नाही. त्याला गावात भाऊबंद नाहीत, उधार देणारा दुकानदार नाही, मतदारयादीत नाव नाही. हंगाम संपला की तो निघून जातो आणि पावसाळ्यात त्याच्या पोटाची काळजी कोणाला करावी लागत नाही. शिवाय बाहेरून हवे तितके हात आणता येतात हे स्थानिक मजुरालाही दिसत असते, त्यामुळे तोही दराबद्दल फार ताणून धरत नाही. भट्टीवर गेलेला हळपती तेथे जाऊन हाच परका मजूर होतो.

मजुरांचा तुटवडा असेल तर मजुरी वाढते, या साध्या नियमाला येथे अपवाद घडला असे म्हणण्यापेक्षा तुटवडा आणि मुबलकता दोन्ही भरतीच्या यंत्रणेने घडवल्या, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

७. ‘कोयता’ म्हणजे एक मजूर का? मजुरी कोणाच्या हातात पडते?

कोयता हे हत्याराचे नाव आहे आणि तेच मोजमापाचेही आहे. एका कोयत्यात साधारणपणे तोडणारा पुरुष, पाचट काढून मोळी बांधणारी त्याची बायको आणि हाताशी असलेले एखादे मूल येते. हिशेब टनावर होतो आणि तो कोयत्याच्या, म्हणजे पुरुषाच्या, नावावर लिहिला जातो.

यात विषमता कशी लपते, हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, टनाला ३०० रुपये दर आहे आणि एका कोयत्याने दिवसात दोन टन ऊस तोडला. ६०० रुपये ऐकायला बरे वाटतात. पण ते दोघांचे आहेत, म्हणजे प्रत्येकी ३००. काम पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, बारा तासांचे. म्हणजे आठ तासांच्या दिवसाला २००. मुलाने वेचलेल्या उसाचे आणि रात्री गाडी भरण्याच्या वेळेचे पैसे यात कोठेच दिसत नाहीत. ज्या दिवशी तोडीची चिठ्ठी मिळत नाही किंवा गाडी येत नाही, तो दिवस कोराच जातो. बाईची मजुरी किती, हा प्रश्न विचारला तर हिशेबाच्या वहीत त्याचे उत्तर नसते, कारण तेथे बाई नसतेच. समान कामाला समान वेतन देणारा १९७६ चा कायदा ज्या तुलनेवर उभा होता, ती तुलनाच येथे करता येत नाही.

८. उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) मजूर स्वतःहून घेतो, बऱ्याचदा मागून घेतो. मग त्याला वेठबिगार कसे म्हणता येईल?

सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच, आणि तो विचारणारे बहुधा मुकादमांना, म्हणजे मजुरांची भरती करणाऱ्या ठेकेदारांना, जवळून ओळखणारे असतात. उचल पावसाळ्यात, म्हणजे घरातले धान्य संपलेले असताना मिळते. ती फेडण्यासाठी मजूर हंगामभर बांधील राहतो आणि हंगामाअखेर फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. ब्रेमन यांनी याला नव-वेठबिगारी म्हटले. जुन्या हाळीपेक्षा ही व्यवस्था तीन बाबतींत वेगळी आहे. बंधन जन्मभराचे नसून हंगामापुरते असते, मालक आणि मजूर यांच्यामध्ये मुकादम असतो, आणि आश्रयाची कोणतीही जबाबदारी कोणावर नसते.

उचलीइतकीच महत्त्वाची, पण कमी चर्चिली जाणारी गोष्ट म्हणजे रोखून धरलेली मजुरी. बारडोलीत पंधरवड्याला खावटी म्हणून धान्य मिळे आणि खरा हिशेब हंगाम संपल्यावर होई. मधेच काम सोडले तर केलेल्या कामाचे पैसेही बुडत. उचल पुढून बांधते, थकलेली मजुरी मागून बांधते.

कायद्याचे म्हणाल तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात आगाऊ रकमेपोटी नाममात्र मजुरीवर काम करणे किंवा दुसरीकडे काम करण्याचे, हिंडण्या-फिरण्याचे स्वातंत्र्य गमावणे, हे वेठबिगारीचे लक्षण मानले आहे. संमती दिली होती का, हा निकष निर्णायक नाही. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ नुसार सक्तीची मजुरी आहे आणि भूक व दारिद्र्य यांतून येणारी सक्तीही सक्तीच आहे. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. सक्तीची मजुरी सिद्ध झाली की ती आगाऊ रकमेपोटीच आहे असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे मालकाने दाखवावे, असा तो निर्णय आहे.

तरीही प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असे ब्रेमनही म्हणत नाहीत. उचल बुडवून दुसऱ्या मुकादमाकडे जाणारे मजूर असतात, आणि त्यात मुकादम कर्जबाजारी झाल्याची उदाहरणेही असतात. बंधन किती घट्ट आहे, हे मजुराला पर्याय किती आहेत यावर ठरते.

९. किमान वेतनाचा कायदा १९४८ पासून आहे. तो ऊसतोडीला लागू होत नाही का?

होतो. टनावर दर ठरला असला तरी किमान वेतनाची हमी सुटत नाही आणि २०१९ च्या वेतन संहितेत हा कायदा सामावल्यानंतरही ते तत्त्व कायम आहे. अडचण अंमलबजावणीत आणि मोजणीत आहे. टनाचा दर ठरवताना एक माणूस दिवसात किती तोडतो, हे कोणीतरी गृहीत धरते, आणि ते गृहीतक फुगवले की कागदावर किमान वेतन पूर्ण होते. प्रश्न ७ मधील उदाहरण याच दृष्टीने पुन्हा वाचावे.

१०. कारखाना सहकारी, म्हणजे शेतकऱ्यांच्याच मालकीचा. मग शोषण करणारा कोण?

सभासद शेतकरी. ब्रेमन यांनी बारडोलीच्या व्यवस्थेला सहकारी भांडवलशाही म्हटले ते यासाठीच. सहकाराचा लाभ ऊसउत्पादकांत वाटला जातो. तोडणीचा खर्च त्यांच्याच उसाच्या भावातून वजा होतो, त्यामुळे तोडणी स्वस्त राहण्यात लहानमोठ्या प्रत्येक सभासदाचा स्वार्थ असतो. मजूर सभासद नसतो. शिवाय कागदोपत्री त्याला कामावर कोणी ठेवले, हेच धूसर राहते. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे.

११. बीड-नगरच्या ऊसतोड कामगारांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होतात का?

बरेचसे होतात, सगळे नाहीत. उचल, मुकादम, टोळी, कोयत्याचा हिशेब, गैरहजेरीचा खाडा, आणि कारखान्याच्या परिसरातील मजुरांऐवजी दुष्काळी पट्ट्यातून कुटुंबे आणणे, हे सारे पश्चिम महाराष्ट्रातही आहे. फरक राजकारणाचा आहे. बारडोलीतील खानदेशी मजूर परराज्यात होता; तेथील आमदाराला त्याच्या मताची गरज नव्हती. मराठवाड्यातील मजूर मात्र त्याच राज्याचा मतदार आहे. त्यामुळे येथे ‘कोयता बंद’चे संप झाले, तोडणीच्या दरासाठी साखर संघ आणि संघटना यांच्यात करार झाले, पवार-मुंडे लवाद झाला आणि पुढे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळही स्थापन झाले. दर वाढले, पण ते दर कोयत्याचेच राहिले. बाईचे नाव वहीत यावे, ही मागणी अलीकडे स्त्री ऊसतोड कामगारांच्या संघटना करू लागल्या आहेत. कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांची स्थिती बारडोलीच्या अधिक जवळची आहे.

१२. संघटित आणि असंघटित क्षेत्र ही विभागणी ब्रेमन यांना मान्य का नाही?

किथ हार्ट यांच्या घानातील अभ्यासातून आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७२ च्या केनियाविषयक अहवालातून ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही कल्पना रूढ झाली. १९७६ साली ब्रेमन यांनी तिच्यावर सविस्तर टीका केली. दोन वेगळे कप्पे नाहीत. एकच मजूर-बाजार असून त्यात अनेक पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीचा नफा खालच्या पायरीच्या स्वस्ताईवर उभा असतो, असा त्यांचा मुद्दा होता. साखर कारखान्यातील कायम कामगाराला भविष्यनिर्वाह निधी मिळतो आणि त्याच कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या तोडणी मजुराला वेतनचिठ्ठीही मिळत नाही. यातला पहिला संघटित आणि दुसरा असंघटित असे म्हटले की दोघांचा धनी एकच आहे, हे विसरले जाते.

अहमदाबादमध्ये हा उतार उलट्या दिशेने दिसला. १९१८ च्या संपानंतर १९२० साली स्थापन झालेल्या मजूर महाजनाच्या छत्राखाली गिरणी कामगारांनी पक्की नोकरी, ठरावीक वेतन, मुलांचे शिक्षण असे बरेच मिळवले होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत गिरण्या बंद पडल्या आणि एक लाखाहून अधिक कामगार बाहेर फेकले गेले. त्यांतील अनेक जण रिक्षा, फेरी, पहारेकरी अशा कामांत गेले. उत्पन्न कमी झालेच, शिवाय रजा, दवाखाना आणि प्रतिष्ठाही गेली. गिरणगावातील वाचकांना हे नव्याने सांगायला नको. तरी एक फरक आहे. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा सुमारे अडीच लाख कामगारांचा संप गिरण्यांच्या अंताशी कायमचा जोडला गेला. अहमदाबादेत तसा संप नव्हता, तडजोडवादी संघटना होती, आणि तरीही गिरण्या गेल्या. ‘संपामुळेच गिरण्या बुडाल्या’ असे म्हणणाऱ्यांनी ही तुलना जरूर करावी.

१३. यात जातीचा भाग किती? गरिबी हेच खरे कारण नाही का?

दोन्ही एकमेकांत इतके गुंतले आहेत, की गावपातळीच्या अभ्यासात ते वेगळे काढणे कठीण जाते. हळपती भूमिहीन आहेत, आदिवासी आहेत आणि कर्जबाजारीही आहेत. शहरी, शिक्षित उमेदवारांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न प्रयोगाने तपासता आला. सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता दलित नावासाठी सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावासाठी सुमारे एक तृतीयांश होती. येथे गरिबी हे कारण देता येत नाही, कारण अर्जावर गरिबी लिहिलेली नव्हती.

१४. दोन-चार गावांवरून संपूर्ण देशाविषयी बोलणे कितपत योग्य आहे? ब्रेमन यांच्यावर टीका झाली आहे का?

झाली आहे, आणि तिच्यातील काही भाग रास्त आहे. आश्रयाची कल्पना मालकांना झुकते माप देते, असा एक आक्षेप आहे. उलट टॉम ब्रास यांच्यासारख्या मार्क्सवादी अभ्यासकांचे म्हणणे असे, की भांडवलशाही स्वतःच अमुक्त मजूर पसंत करते आणि हंगामी बंधनाला सौम्य समजणे चूक आहे. दक्षिण गुजरात हा झपाट्याने श्रीमंत झालेला प्रदेश असल्याने तेथील चित्र बिहार किंवा केरळला लावता येत नाही, हेही खरे आहे.

परंतु मोठ्या पाहण्या अचूक आणि गावातील अभ्यास अपुरा, असे सरसकट मानू नये. पाहणी करणारा जानेवारीत बीडच्या एखाद्या तांड्यावर गेला तर त्याला कुलपे आणि म्हातारी माणसे भेटतील. फडावरच्या पालांना तर घरक्रमांकच नसतो. ज्यांची मजुरी सर्वांत कमी, तेच मोजणीतून निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००७ साली, २००४-०५ च्या आकडेवारीवरून, देशातील ७७ टक्के लोक दिवसाला २० रुपयांहून कमी खर्चावर जगतात असे सांगितले, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. ब्रेमन यांच्या वाचकांना बसण्याचे कारण नव्हते.

१५. ऊसतोडणी यंत्रे आल्यावर हा प्रश्न आपोआप सुटेल का?

फड कमी होतील, उचल घेणारी कुटुंबे तेवढीच राहतील. यंत्र सपाट, मोठ्या आणि रुंद सरीच्या रानात चालते. तुकड्याच्या, ओल्या किंवा अडचणीच्या रानात कोयताच लागतो, म्हणजे मजुरांच्या वाट्याला अधिक कष्टाचे आणि कमी टनाचे फड येण्याचा धोका आहे. ज्यांचे काम जाईल त्यांना दुसरीकडे कोणत्या अटींवर काम मिळते, हे प्रश्न ६ मधील हळपतींच्या वीटभट्टीवरून ताडून पाहावे.